वाटाड्या आणि पहारेकरी

जमिनीवरचा प्रवासी वाट चुकला तर थांबतो, कोणास विचारतो आणि मागे फिरतो. जहाजाला ही सोय नाही. भर समुद्रात, खोल पाण्यावर, जहाज बहुधा निर्धास्त असते. त्याला खरा धोका असतो तो किनारा दृष्टीस पडल्यावर. पाण्याखाली दडलेला खडक, दर पावसाळ्यात जागा बदलणारी वाळूची दांडी, भरतीच्या वेळी एका दिशेने व ओहोटीच्या वेळी दुसऱ्या दिशेने ओढणारा प्रवाह, ह्या गोष्टी दुरून आलेल्या कप्तानास ठाऊक नसतात. म्हणूनच बंदराच्या तोंडाशी आलेल्या परक्या जहाजास सामोरी जाणारी एक लहानशी होडी हे जगातील सर्व बंदरांवरचे फार जुने दृश्य होय.

त्या होडीतून जहाजावर चढणारा मनुष्य दोन प्रकारचा असू शकतो. एक पाण्याखालची वाट दाखवितो आणि जहाज सुखरूप नांगरले म्हणजे आपला मेहनताना घेतो. दुसरा परवाना मागतो, जकातीचे पैसे मागतो आणि ते न मिळाल्यास जहाज धरून नेतो. पहिला वाटाड्या, दुसरा पहारेकरी. पैसे दोघेही घेतात. दोघांच्याही मागे राजसत्तेची आज्ञा असते. तथापि एकाचे घेणे ज्ञानाच्या मोबदल्याचे असते, तर दुसऱ्याचे घेणे बळाच्या भीतीचे असते. सोपारा, वसई आणि अर्नाळा ह्या टापूचा समुद्रावरील इतिहास पाहू गेले असता तो बव्हंशी ह्या दोन पुरुषांचाच इतिहास आहे असे दिसून येते.

प्रथम ह्या किनाऱ्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. उत्तरेस वैतरणा नदी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाशी अर्नाळ्याचे बेट आहे. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी वसईच्या किल्ल्याखालून समुद्रात जाते आणि पलीकडे साष्टी बेट दिसते. दोन्ही मुखांवर गाळ व वाळू साचते. उधाणाच्या दिवसांत पाणी कित्येक हात चढते आणि तितकेच उतरते. ज्या वाटेने सकाळी पडाव डौलाने आत येतो त्याच वाटेवर दुपारी चिखल उघडा पडतो. अशा ठिकाणी नकाशाहून घड्याळ अधिक महत्त्वाचे, आणि घड्याळाहून चंद्र अधिक महत्त्वाचा. किनाऱ्यावरील कोळी व भंडारी ह्यांचा भरतीचा हिशेब प्रसिद्ध आहे: तिथीच्या अंकास तीनाने गुणावे व चाराने भागावे, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येस बाराच्या सुमारास. उधाण कोणते, भांग कोणता, वारा कोणत्या महिन्यात कोठून फिरतो, शिशाचे वजन बांधलेली दोरी किती वाव खाली गेली म्हणजे तळाशी चिखल लागतो आणि किती वावांवर खडक, हे सर्व ज्ञान लिहिलेले नव्हते. ते तांडेलाच्या तोंडी होते आणि बापाकडून मुलाकडे जात होते.

ह्या ज्ञानाची थोरवी प्राचीनांनीही ओळखली होती. बौद्ध जातककथांत सुप्पारक नावाच्या एका नाविकाची कथा आहे. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली. तरीही व्यापारी त्यालाच आपल्या जहाजावर नेतात, आणि एकापाठोपाठ एक अशा भयंकर समुद्रांतून तो जहाज परत आणतो. आर्यशूराच्या ‘जातकमाले’त हीच कथा सुपारग ह्या नावाने येते. त्यात मासे, पाण्याचा रंग, तळाची माती, पक्षी आणि खडक ह्यांच्या खुणांवरून तो आपण कोठे आहोत हे ओळखत असे, असे सांगितले आहे. कथेतील चमत्कार बाजूस ठेवले तरी ही खुणांची यादी एखाद्या अनुभवी वाटाड्याच्याच अनुभवातून उतरलेली आहे ह्यात शंका नाही. सोपाऱ्याचे नाव आणि ह्या नाविकाचे नाव एकच असावे हाही योगायोग लक्षणीय आहे. ज्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी 1882 मध्ये स्तूप खणून काढला आणि जेथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सापडला, ते ठिकाण केवळ धर्मक्षेत्र नव्हते. ते दर्यावर्दी लोकांचे गाव होते.

वाटाड्यांविषयीची पहिली स्पष्ट ऐतिहासिक नोंद मात्र एका परक्याने केली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात ह्या किनाऱ्याचे वर्णन आहे. भडोचचे आखात किती अवघड आहे, तेथे भरतीचा लोंढा कसा गर्जना करीत येतो आणि तळाच्या खडकांनी नांगराचे दोर कसे कापले जातात, हे सांगून तो पुढे लिहितो की, त्या बंदरी राजाच्या चाकरीत असलेले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि परक्या जहाजांस वाट दाखवून आत आणतात. भरती लागली की जहाज ओढावयाचे, ओहोटी लागली की ठराविक खोल जागी नांगर टाकून थांबावयाचे, असा त्यांचा क्रम होता. होड्यांची नावेही त्याने दिली आहेत: त्रप्पग आणि कोटिंब. ह्यांपैकी कोटिंब हा शब्द ‘अंगविज्जा’ ह्या प्राकृत ग्रंथातही नौकांच्या नावांत आढळतो. म्हणजे परक्याने शब्द नीट ऐकला होता.

ह्या नोंदीतील ‘राजाच्या चाकरीत असलेले मच्छीमार’ हे शब्द फार अर्थपूर्ण आहेत. ज्ञान मच्छीमारांचे आणि व्यवस्था राजाची, असा तो संयोग होता. बंदरात जहाजे सुखरूप आली तर व्यापार वाढतो, व्यापार वाढला तर जकात वाढते, हे त्या राजास कळले होते. वाटाड्यास सरकारी आश्रय देण्याची ही पद्धत युरोपियनांनी येथे आणली असे पुष्कळदा समजले जाते. ते बरोबर नाही.

परंतु त्याच ग्रंथात, आणखी थोडे पुढे, दुसरा पुरुषही भेटतो. भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांत लेखक प्रथम सोपाऱ्याचे व नंतर कल्याणचे नाव घेतो. कल्याण पूर्वी राजमान्य व्यापारी पेठ होती. परंतु ती संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती गेल्यापासून तेथे मोठा अडथळा झाला, आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो सांगतो. कल्याण हे उल्हास नदीवरील बंदर. त्या नदीचे एक तोंड वसईपाशी आहे. म्हणजे एकाच काळी, एकाच किनाऱ्यावर, भडोचच्या मुखाशी जहाजास वाटाड्या भेटत होता आणि कल्याणच्या वाटेवर पहारेकरी.

ह्यानंतर चौदाशे वर्षांनी पोर्तुगीज आले. 1498 मध्ये वास्को द गामा आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून कालिकतला आला तो एका वाटाड्याच्या आधारे. तो गुजराती मुसलमान होता असे पोर्तुगीज इतिहासकार बारुश सांगतो. त्याच्या नावापूर्वी येणारा ‘मालेमो’ हा शब्द म्हणजे अरबी ‘मुअल्लिम’, आपल्या किनाऱ्यावरचा ‘मालीम’. पश्चिम किनाऱ्याच्या एका वाटाड्याने ज्यांना वाट दाखविली, तेच पुढे ह्या समुद्राचे पहारेकरी झाले.

त्यांच्या पहाऱ्याचे साधन म्हणजे ‘कार्ताझ’ नावाचा परवाना. समुद्र आपल्या राजाच्या मालकीचा, म्हणून त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक देशी जहाजाने आपला परवाना घेतला पाहिजे, असा त्यांचा दावा होता. परवान्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाजाचा आकार, त्यावरील शस्त्रे, निघण्याचे व पोचण्याचे बंदर इत्यादी तपशील असे. मिरीसारखा जो माल पोर्तुगालच्या राजाने स्वतःसाठी राखून ठेवला होता तो नेण्यास मनाई असे. तुर्कांना आणि युद्धसामग्री नेण्यासही मनाई असे. परवान्याची स्वतःची फी फारशी नव्हती. खरा बोजा दुसराच होता: परवाना घेणाऱ्या जहाजाने पोर्तुगीज बंदरी येऊन जकात भरली पाहिजे ही अट. परवाना नसला, किंवा परवान्याबाहेरचा माल सापडला, तर जहाज मालासह जप्त होई.

वसईच्या इतिहासात ही पद्धत एका तहाने शिरली. मोगल बादशहा हुमायून ह्याच्या स्वारीच्या भीतीने गुजरातचा सुलतान बहादूरशाह ह्याने 23 डिसेंबर 1534 रोजी पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्या ह्याच्याशी तह केला. वसई, तिच्याखालील मुलूख आणि मुंबईची बेटे ह्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली. इतिहासाच्या पुस्तकांत एवढाच भाग बहुधा सांगितला जातो. तहातील पुढील कलमे मात्र मुलखाहून समुद्रासंबंधी आहेत. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या सर्व जहाजांनी वसईहून निघावे आणि परतताना वसईसच येऊन जकात भरावी. इतरत्र जाणाऱ्या जहाजांनी पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा. गुजरातच्या कोणत्याही बंदरी लढाऊ जहाजे बांधू नयेत. सुरत, खंबायत किंवा भडोच येथून मक्केच्या वाटेस लागणाऱ्या जहाजास वसई ही वाटेवरची जागा नव्हे. त्याने उलट दिशेने दक्षिणेस यावे, पैसे भरावे आणि मग पश्चिमेकडे वळावे, असा तो हुकूम होता. पुढच्याच वर्षी पोर्तुगिजांना दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली आणि परवान्यांच्या व्यवहारात दीवचे महत्त्व वाढले. तरी 1534 च्या तहाने घालून दिलेले तत्त्व कायम राहिले.

ह्या घेण्याच्या मोबदल्यात जहाजास काय मिळत होते? वाट दाखविण्याची सेवा नव्हे. जहाजावर मालीम देशीच असे. वादळात मदतीची हमी नव्हे. मिळत होते ते एवढेच, की परवाना देणारा स्वतः लुटणार नाही. आणि हे वचनही नेहमी पाळले जात नसे. 1613 मध्ये सुरतेजवळ पोर्तुगिजांनी ‘रहिमी’ हे प्रचंड जहाज पकडले. ते जहांगीर बादशहाच्या आईच्या मालकीचे होते आणि त्याच्याजवळ परवानाही होता. बादशहाने संतापून पोर्तुगिजांविरुद्ध दमणवर सैन्य पाठविले. जेथे फी ही भीतीची असते, तेथे पावतीला किंमत नसते. हा धडा ह्या एका प्रसंगात सामावलेला आहे.

सत्ता बदलली तरी परवान्याची कल्पना लगेच नष्ट झाली नाही. कान्होजी आंगऱ्यांनी पोर्तुगीज व इंग्रज ह्यांचा समुद्रावरील मालकीहक्क झुगारून दिला आणि आपल्या टापूतून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपलाच दस्तक घेतला पाहिजे असा आग्रह धरला. इंग्रजांनी त्यांस चाचा म्हटले. परंतु इंग्रज कंपनी स्वतःही देशी जहाजांस आपले परवाने देत होतीच. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि सुमारे दोनशे वर्षांचा पोर्तुगीज अंमल संपला. 1780 मध्ये जनरल गॉडर्डने वसई जिंकली, 1782 च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, आणि 1818 मध्ये पेशवाईबरोबर ती इंग्रजांकडे गेली. तोपर्यंत ह्या किनाऱ्याचा व्यापार दक्षिणेकडील एका बंदराने ओढून घेतला होता. ते बंदर म्हणजे मुंबई; 1534 मध्ये वसईबरोबर जी बेटे देण्यात आली होती, तीच.

मुंबईचे बंदर खोल व प्रशस्त खरे, परंतु त्याचे तोंड निर्धोक नव्हते. कुलाब्याच्या टोकापासून खडकांची रांग समुद्रात दूरवर पसरलेली आहे. 1840 च्या जून महिन्यात, ऐन पावसाळ्याच्या वादळात, ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन जहाजे बंदराच्या तोंडाशी येऊन फुटली आणि मोठी प्राणहानी झाली. इंग्लंडहून महिनोन्महिने सुखरूप आलेली जहाजे शेवटच्या काही मैलांत नष्ट व्हावीत, हे वाटाड्याच्या आवश्यकतेचे यापरते दुसरे प्रमाण कोणते? पुढे 1867 मध्ये खांदेरीवर आणि 1875 मध्ये प्राँग्जच्या खडकावर दीपगृहे उभी राहिली. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, आणि 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक व 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक खुले झाले. डॉकच्या अरुंद दारातून मोठी आगबोट नेणे हे तर नवख्या कप्तानाचे काम नव्हतेच.

ह्या काळात वाटाड्याचे काम कायद्याच्या चौकटीत बसविण्यात आले. बंदरांसंबंधी पहिला सर्वसाधारण कायदा 1855 चा. त्यानंतर 1875 आणि 1889 चे कायदे झाले आणि शेवटी 1908 चा हिंदी बंदरांचा कायदा आला. त्याच्या 31 व्या कलमाचा आशय असा: ज्या बंदरांस हे कलम लागू केले असेल तेथे 200 टन किंवा त्याहून मोठ्या जहाजाने पायलट, हार्बर-मास्तर किंवा त्याचा साहाय्यक जहाजावर असल्याखेरीज आत येऊ नये, बाहेर जाऊ नये, किंवा जागाही बदलू नये. निकडीचा प्रसंग सोडून हा नियम मोडल्यास कप्तानास 200 रुपयांपर्यंत दंड. तथापि कप्तानाने रीतसर मागणी करूनही पायलट मिळू शकला नाही, तर दंड नाही. सक्ती करणाऱ्यावर सेवा पुरविण्याची जबाबदारी येते हे तत्त्व ह्या अपवादात मान्य केलेले आहे. कार्ताझच्या व्यवहारात असे कलम शोधून सापडणार नाही.

फीविषयीही तोच भेद दिसतो. 35 व्या कलमाने वाट दाखविणे, जहाज ओढणे, बांधणे इत्यादी ‘सेवां’बद्दल सरकारने ठरविलेल्या दराने आकार घेता येई. कोठे हा दर जहाजाच्या डुबावर, म्हणजे ते पाण्यात किती खोल बसते त्यावर, तर कोठे टनांवर ठरे. कारण जितके जहाज मोठे व खोल, तितकी वाट अरुंद व जोखीम अधिक. बंदराच्या जमाखर्चाचा स्वतंत्र हिशेब ठेवून तो दरवर्षी प्रसिद्ध करावा, असेही कायद्यात होते. पैसे देणाऱ्यास आपले पैसे कोठे गेले हे विचारता येणे, हा पहारेकऱ्याच्या अमलातून वाटाड्याच्या अमलात येण्याचा खरा पुरावा होय.

जबाबदारीचा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. पायलट जहाजावर आला तरी कप्तान कप्तानच राहतो. पायलट वाट सांगतो, जहाजाचा अंतिम ताबा कप्तानाकडे असतो. मग पायलटच्या चुकीने दुसऱ्या जहाजाचे नुकसान झाले तर भरपाई कोणी द्यावी? जहाजमालक म्हणत, ‘आम्ही हा मनुष्य निवडला नाही, कायद्याने तो आमच्यावर लादला, त्याच्या चुकीचे आम्ही धनी नाही.’ इंग्लंडात ही सबब दीर्घकाळ मान्य होत असे. 1913 च्या ब्रिटिश कायद्याने ती काढून टाकण्याचे ठरले आणि हिंदुस्थानच्या कायद्यातही तशीच दुरुस्ती झाली. 1918 च्या आरंभापासून सक्तीचा पायलट असला तरी नुकसानीस जहाजाचा मालक व कप्तान जबाबदार राहू लागले. ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मिळावी, हा त्यातला न्याय होता.

एवढी काळजीपूर्वक रचलेली ही व्यवस्था एका बाबतीत मात्र ‘पेरिप्लस’च्या काळाहून मागे होती. कायद्याने पायलट शब्दाची व्याख्या केली ती अशी, की जहाजांस वाट दाखविण्यास सरकारने अधिकार दिलेला मनुष्य. पाणी जाणणारा, अशी ती व्याख्या नव्हे. अधिकार मिळण्यास आगबोटींवरील अधिकारपदाची प्रमाणपत्रे व नोकरीचा अनुभव लागे. आणि आगबोटींवरील अधिकारी त्या काळी बहुतांशी युरोपियन असत. कोकणचा खलाशी, रत्नागिरीचा सारंग, वसईचा तांडेल ह्यांना आगबोटीच्या डेकवर किंवा इंजिनच्या खोलीत जागा होती, पुलावर नव्हती. 1919 मध्ये सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून निघाले, आणि 1927 मध्ये मुंबईस ‘डफरिन’ हे शिक्षणाचे जहाज सुरू होऊन हिंदी तरुणांस अधिकारीपदाचा दरवाजा उघडला. भडोचच्या राजाच्या चाकरीत जे मच्छीमार सन्मानाने होते, त्यांच्या वंशजांस आपल्याच बंदराचे वाटाडे होण्यासाठी अशा रीतीने विसाव्या शतकापर्यंत वाट पाहावी लागली.

आणि वसई? तिच्या खाडीत येणारे मचवे, पडाव आणि फतेमाऱ्या बहुधा 200 टनांच्या आतील. त्यांना ह्या कायद्याची सक्ती लागूच होत नव्हती. 1864 मध्ये गुजरातेकडून येणारी आगगाडी खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत आली आणि किनाऱ्यावरचा पुष्कळसा माल रुळांवर चढला. गाळ साचत राहिला, किल्ल्याच्या तटांवर झाडे वाढली. तरी खाडीच्या तोंडाची वाट विसरली गेली नाही. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव आणि अर्नाळा येथील होड्या तिथी पाहूनच बाहेर पडत राहिल्या. येथील वाटाड्यास सनद नव्हती आणि ठरलेली फीही नव्हती. त्याचे वेतन म्हणजे होडी सुखरूप परत येणे.

1908 च्या कायद्याची जागा 2025 मध्ये नव्या कायद्याने घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2024 मध्ये, ह्याच पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे प्रचंड जहाजांसाठी नव्या बंदराची पायाभरणी झाली, आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या पाण्याविषयीची चिंता बोलून दाखविली. म्हणजे ज्या किनाऱ्यासमोर एके काळी त्रप्पग आणि कोटिंब निघत, तेथे परक्या जहाजांस सामोरी जाणारी होडी पुन्हा निघावयाची आहे. तिच्यात प्रमाणपत्र असलेला पायलट असेल हे उघड आहे, आणि ते आवश्यकही आहे. दोन-तीनशे मीटर लांबीचे जहाज तिथीच्या त्रैराशिकावर चालत नाही. परंतु त्या किनाऱ्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या लोकांना त्या व्यवस्थेत कोणते स्थान मिळते, हा प्रश्न बाजूस सारण्याजोगा नाही. वाटाड्या आणि पहारेकरी हे दोघेही सत्तेच्या होडीतूनच येतात. त्यांतला कोणता आला हे ओळखण्याची खूण सोपाऱ्यापासून वसईपर्यंत एकच राहिली आहे: घेतलेल्या पैशाच्या बदल्यात तो जहाजाला काय देतो, आणि ज्यांच्या पाण्यातून ते जहाज जाते त्यांना तो आपले मानतो की परके.